अंक सतरा आणि मैनी बकरी

१२ ऑक्टोबर २०२५, रविवार. चिखली.
आजपासून रोजनिशी. माझ्यासारख्या कलेक्टरने लिहायलाच पाहिजे. आजच्या तारखेला संग्रहात ६१२ कॉमिक्स. सगळी हिंदी, सगळी प्लास्टिकमध्ये. लोक विचारतात, वाचता का हो? अरे, वाचणारे वेगळे, जपणारे वेगळे. वाचल्याने कोपरे मुडपतात. थुंकी लावून पान उलटणाऱ्या माणसाला मी ट्रंकेजवळ उभा करत नाही. प्रत्येक अंकामागे पुठ्ठा, आणि पुठ्ठ्यावर माझ्या अक्षरात लिहिलेलं: कुठून मिळाला, कधी, कसा. अगदी खरं. संग्रह म्हणजे शेवटी प्रामाणिकपणा.
बायकोने, स्नेहलतेने, दिवाळीची साफसफाई काढली आहे. ट्रंकेकडे दोनदा बघितलं. लक्षण ठीक नाही.

१३ ऑक्टोबर.
ट्रंक माळ्यावर चढवली. कंबर धरली. पण अंक सतरा वर ठेवायची हिंमत होईना. ‘बिजलीदास और पाताल का टेलिफोन’. संग्रहाचा प्राण. अख्ख्या विदर्भात दुसरी प्रत नसावी.
आयडिया सुचली. लाल कापडात बांधला आणि देवघरात स्नेहलतेच्या पोथीच्या तसल्याच लाल बासनाशेजारी ठेवला. लाल बासनातली वस्तू आपल्याकडे कोणी रद्दीत टाकत नाही. स्नेहलतेने विचारलं, हे काय? म्हटलं, आईची जुनी पोथी, माळ्यावर सापडली. तिने लगेच हात धुऊन हळदकुंकू वाहिलं.
बिजलीदासला.
आत प्लास्टिक आहे, डाग पडणार नाही. माझं लक्ष तेवढ्यावरच होतं.

१६ ऑक्टोबर.
रोज फूल वाहते. आज डोळे मिटून काहीतरी मागत होती. बहुतेक माझ्या शुगरबद्दल. मला कसंतरीच झालं. दिवाळी झाली की काढून घेणार. नक्की.

२८ ऑक्टोबर.
दिवाळी झाली. काढला नाही.
संध्याकाळी प्रसेनजितचा फोन. नांदुऱ्याचा माझा शाळेतला दोस्त, आता तिथेच मास्तर आहे. म्हणाला, काय बे आल्हाद, मोठा कलेक्टर झाला म्हणे तू, मले एक अंक शोधून दे. मी खुशीत विचारलं, कोणता? म्हणाला, बिजलीदासचा सतरा नंबर.
मी खुर्चीत बसलो. मग लक्षात आलं की आधीच बसलेलो होतो.
त्याचे वडील पुंजाजी काका रेल्वेत गँगमन. मागच्या वर्षी गेले. प्रसेनजित सहावीत पहिला आला तेव्हा काकांनी नांदुरा स्टेशनच्या स्टॉलवरून त्याला तो अंक आणला होता. जन्मात आणलेलं एकच कॉमिक. २० नोव्हेंबरला काकांना वर्ष होतंय. पुण्यानुमोदनाला फोटोसमोर त्यांचा कंदील, चष्मा आणि तो अंक ठेवायचा आहे म्हणे. आपला तर मैनीनं खाल्ला, तूच पाह्यलं होतं ना, दुसरा कुठला भेटला तरी चालते, असं म्हणाला.
मैनी म्हणजे त्यांची बकरी.
इथे कोणी वाचायला येणार नाही म्हणून लिहितो. मैनीने काही खाल्लं नव्हतं. अंक माझ्या सदऱ्याखाली होता. वय किती, तर बारा. सगळे शोधायला लागले तेव्हा घाबरून समोर दिसली तिचं नाव घेतलं. बकऱ्या कागद खातात हे तर सगळ्यांना माहीत आहे. आणि तसं बघितलं तर अंक मी वाचवलाच की. त्यांच्या पत्र्याच्या घरात तो टिकला असता का?
पण पुढच्या बाजारात मैनीला विकलं. मी तेव्हा त्यांच्या दारातच उभा होतो. जाताना ओरडत होती.

१ नोव्हेंबर.
ठरलं. द्यायचा. मन एकदम हलकं.

३ नोव्हेंबर.
मूळ अंकच द्यायला पाहिजे असं थोडंच आहे? कलर झेरॉक्स द्यावी. भावना महत्त्वाची. दुकानात गेलो. तो माणूस तंबाखूच्या हाताने प्लास्टिक ओढायला लागला. हिसकावून घरी आणला. पुन्हा बासनात.

८ नोव्हेंबर.
मूळ अंकच देणार. पण पहिल्याच पानावर निळ्या शाईत ‘प्रसेनजित पुंजाजी, इयत्ता ६ वी अ’. खोडायचं म्हणजे अंकाचं वाटोळं. दिवसभर ऑफिसात फायली उलट्या लावल्या.
चार वाजता सुचलं! अकोल्याच्या रद्दीत सापडला म्हणून सांगायचं. म्हणजे चोर कोणीतरी तिसराच. मी शोधून आणणारा. मैनीही निर्दोष सुटेल. सगळ्यांचं भलं. एवढी वर्षं मी थांबलो ते बरंच झालं म्हणायचं.

१५ नोव्हेंबर.
आरशासमोर सराव. ‘अरे, योगायोग बघ!’ स्नेहलतेने विचारलं, कोणाशी बोलून राह्यले? म्हटलं, प्राणायाम.

१९ नोव्हेंबर.
उद्या खामगावला बस बदलून नांदुरा. स्नेहलतेचं उद्या गुरुवारचं पारायण आहे, सत्यभामाबाईंकडे. म्हणजे दोघंही पुण्याच्या कामात.

२० नोव्हेंबर, सकाळी ५.५०.
लाइट गेलेली. बासन पिशवीत टाकलं. निघालो. आज मी सुटणार.

२० नोव्हेंबर, संध्याकाळ.
लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.
मांडवात पन्नासेक माणसं. वंदना झाली. प्रसेनजितने सगळ्यांना सांगितलं, माह्या दोस्तानं गावोगाव फिरून बाबाचा अंक शोधून आणला. टाळ्या. मी ‘अरे, योगायोग बघ’ म्हणत बासन सोडलं.
आतून पोथी निघाली. स्नेहलतेची. कुंकवासकट.
कोणी हसलं नाही, हे जास्त वाईट. मी काय बोलायचं याचा विचार करतोय तोच फोन वाजला. माझा फोन प्रसेनजितच्या मुलीकडे, मयुरीकडे होता, फोटो काढायला मीच दिलेला. पोरीने काकूंचा फोन म्हणून स्पीकरवर घेतला.
स्नेहलता कडाडत होती. सत्यभामाबाईंकडे बारा बायकांसमोर तिने बासन उघडलं, तर आत चड्डीतला माणूस टेलिफोन धरून उभा. महिनाभर मी याले हात जोडून राह्यली, ही का तुमच्या आईची पोथी, असं विचारलं. मागे बायका खिदळत होत्या. मग म्हणाली, आणि हे पुठ्ठ्यावर काय लिहून ठेवलं, वाचू का? मी नको म्हणेपर्यंत तिने वाचलं.
‘अंक १७. कुठून: प्रसेनजितच्या घरून. कधी: ११ मे १९८६. कसा: सदऱ्याखाली.’
तानाबाई, म्हणजे प्रसेनजितची आई, फोटोजवळ बसल्या होत्या. ऐंशी वर्षांच्या, पण कान शाबूत. त्यांनी विचारलं, म्हणजे मैनीनं नाही खाल्लं? मग त्याच म्हणाल्या, मी तिले काठीनं मारलं होतं रे बापू. त्या राती चारा नाही देल्ला.
मी मान वर केली नाही.
प्रसेनजितने दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याने पोथी नीट बासनात बांधली, दोन्ही हातांनी माझ्याकडे दिली आणि म्हणाला, जेवून जा. मी खीर खाल्ली. दोन वाट्या. नाही म्हणायची हिंमत झाली नाही.

२२ नोव्हेंबर.
स्नेहलता बोलत नाही. देवघरासमोर मी कान धरले. देवाला हसू आलं असेल.

२३ नोव्हेंबर, रविवार.
प्रसेनजित आला. मी अंक दिला. हात धुऊन घे म्हणणार होतो, गिळलं. त्याने प्लास्टिक दातांनी फाडलं.
आईनं वाचून दाखवायला सांगितलं आहे, म्हणाला. व्हिडिओ कॉल लावला, समोर तानाबाई, शेजारी मयुरी. आमच्या ओट्यावर बसून त्याने पहिल्या पानापासून वाचायला घेतलं, हिंदीचं वऱ्हाडी करत, बोटाला थुंकी लावत. प्रत्येक पानाला मुडपलेले कोपरे मोजले, पण ऐकत बसलो. कारण गोष्ट मला आठवतच नव्हती. एवढ्या वर्षांत मी अंक वाचायला उघडलाच नाही.
गोष्ट अशी: पाताळातून फोन येतो. बिजलीदास सात दरवाजे फोडून खाली जातो. तिथला राजा म्हणतो, माफ करा, राँग नंबर. बिजलीदास परत येतो.
संपलं. पंधरा मिनिटं लागली.
तानाबाईंनी फोनमध्ये वाकून, प्रसेनजितला नाही, मला विचारलं, बस? याच्यासाठी मैनी गेली?
मी म्हटलं, काकू, आवाज तुटून राह्यला.
आवाज स्वच्छ येत होता.