चुलीमागे लपवलेली बाटली

मुंबई, २५ एप्रिल १९८८

पुंडलिक आणि बायजा,

आशीर्वाद आहेतच, पण आधी तारीख लिहिते. रविवार, १७ एप्रिल, सकाळी साडेदहा. रोह्याचे लोक सगुणाला बघायला आले, म्हणून तुम्ही तिची इन्सुलिनची बाटली गार माठातून काढून चुलीमागे लपवलीत. संध्याकाळपर्यंत ती तिथे तापली. त्याच औषधाची सुई पोरीला चार दिवस टोचलीत आणि ती बेशुद्ध पडली. वर बायजा मला विचारते, "पाव्हणं पानी प्यायला उठलं आन् माठात बाटली दिसली तं, वन्सं?"

सगुणा माझ्याकडे आहे, बरी आहे. काल तिने सुकट-भात मागून खाल्ला.

निवृत्त झाले तरी मी प्रयोगशाळेत जाते. तिच्या रक्ताची नळी मी इतरांच्या नळ्यांसारखीच रॅकमध्ये लावली. भाचीची म्हणून वेगळं काही वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. तिचं शरीर इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही. का, ते इथले डॉक्टर अजून शोधताहेत. लाडवांनी झालेलं नाही, नजरेनं तर नाहीच. सुई मात्र जन्मभर.

दाजीकाकांचा खोकला कसा आहे? मिठागरातलं मीठ उचललंत का?

पुंडलिक, तू म्हणशील, कॉन्व्हेंटात शिकलेल्या आक्काला सोयरिकीतलं काय कळतं? एवढं कळतं की सासरीही बाटली लपवावी लागली तर मुलगी मरेल. रोह्याला जाऊन त्यांना सगळं सांग. ते काय म्हणाले ते तुझ्या अक्षरात लिहून पाठव, गुरुवार, ५ मेच्या आत. तोवर सगुणा इथून हलणार नाही.

तुझी आक्का