तुझ्या खळ्यावरचा मांडव

प्रिय कॉनरॅड,

सर्वप्रथम तुझ्याविरुद्ध एक गंभीर तक्रार नोंदवतो. गेल्या रविवारी मी तुला मोबाइलवर चांगला ऐसपैस मजकूर पाठवला. त्यात तुझ्या घराचं छप्पर, विहिरीचं पाणी, माझी पाठ आणि आमच्या सौभाग्यवती सुगंधाची कुळथाची पिठी, सगळं यथासांग आलं होतं. उत्तरादाखल तू एक अंगठा पाठवलास. पिवळा. आयुष्यभर मुलांना संस्कृत शिकवताना प्रगतिपुस्तकावर अंगठा उठवणारे आईबाप मी पाहिले, पण त्या बिचाऱ्यांचा अंगठा निदान स्वतःचा असायचा. तुझा तर तोही तयार मिळालेला. म्हणून हे पत्र कागदावर लिहितो आहे. यावर अंगठा देऊन सुटता येत नाही.

आपल्याकडे हेमंत लागला. ग्रंथांतला हेमंत हिमाचा, आपला किनाऱ्यावरचा हेमंत म्हणजे पहाटे पानांवरून टपटपणारं दंव आणि दुपारपर्यंत शिंका. तरी सुगंधा कानाला फडकं गुंडाळून अशा थाटात बाहेर येते की बद्रीनाथला निघाली आहे असं वाटावं. तुझ्या इंग्लंडातल्या स्विंडनच्या थंडीपुढे हे सगळं हसण्यासारखंच. पण पाऊसभर बंद राहिलेलं घर थंडीच्या आधी पुन्हा माणसांत आणावं लागतं, हे तुला मी सांगायला नको. दरवर्षी गणपती संपले की तुझे हुकूम सुरू व्हायचे. कौलं बघ, गाद्या उन्हात घाल, शिवा गड्याला मांडवासाठी माडाचे झाप सांगून ठेव. तू माझ्याशी फक्त आज्ञार्थातच बोलायचास, आणि मी कुरकुरत ते ऐकायचो, कारण नाताळच्या आधी तू आणि लिंडा येणार हे ठरलेलं असायचं. यंदा एकही हुकूम आला नाही. तू येणार की नाही हे तू सांगितलं नाहीस, आणि विचारण्याचं धैर्य मला झालं नाही. घर मात्र मी तयार करायला घेतलं.

कुलूप उघडलं तेव्हा आतून तो ओल्या चुन्याचा आणि बंद कपाटांचा वास आला. मागच्या भिंतीवर वाळवीने एक लांबलचक वाट काढली होती, ती खरवडली. न्हाणीघरातला तांब्याचा हंडा चिंचेने घासला, चुलीपाशी नारळाची सोडणं रचून ठेवली. आंघोळीचं पाणी कढत नसेल तर तू घर डोक्यावर घेतोस, हे गावाला ठाऊक आहे. पेटीतल्या वाकळी काढल्या. त्यातली एक लिंडाने तुमच्या फेबीच्या लहानपणच्या फ्रॉकांचे तुकडे जोडून शिवलेली, तुला आठवत असेल. सुगंधाने ती दारापुढच्या खळ्याच्या दगडी गडग्यावर उन्हात घातली आणि कोंबड्या घाण करतील म्हणून दिवसभर तिच्याशेजारी राखण करत बसली. तिकडे एकही कोंबडी फिरकली नव्हती.

खळं करायचं ठरलं तेव्हा हीच सुगंधा कडाडली होती, “स्वतःच्या खळ्यात ढोपरभर गवात, आणि मास्तर चलले दुसऱ्याचा खळा सारवूक!” पण शेणाची पाटी घेऊन माझ्या आधी तीच तुझ्या दारात हजर. पावसाने धुपलेली जागा भरून काढली, माती पसरली, पाणी मारून चोपली. चोपणं माझ्या हातात आल्यावर शिवा म्हणाला, “मास्तर, माती मारूची आसा, पोराक नाय!” तुझं खळं आता असं गुळगुळीत झालंय की त्यावर भात वाढून जेवावं.

गोंधळ झाला तो मांडवाचा. मी आणि शिवाने पोफळीचे खांब पुरले, वर बांबू टाकले, झाप घातले, आणि मोठ्या समाधानाने लांब उभं राहून पाहिलं तर तुझ्या अंगणातला क्रूस, आपला खुरीस, मांडवाच्या आत. आम्ही आपले तुळशीला दंव लागू नये म्हणून जपणारे लोक, त्याच सवयीने तुमचा देवही छपराखाली घेतला. शिवा म्हणाला, बरंच झालं, देवाला थंडी वाजणार नाही. आणि मग आम्हां दोघांनाही एकदमच लिंडा आठवली. मांडव घालताना ती वेताची खुर्ची टाकून बसायची आणि दरवर्षी तेच बजावायची, “देवाक उघड्यार ऱ्हवांदे. तेका थंडी बाधना नाय, माका बाधता!” शिवाने पहार उचलली आणि तो पुढचे खांब उपटायला लागला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मांडव मागे सरकला. आता खुरीस बाहेर आहे, तिच्या मनासारखा. सकाळी त्याच्यावरून दंव ओघळत असतं. मी फुलं काढायला जाताना पाहतो. थोडा वेळ थांबतो. तिथे थांबण्यासारखं काही नसतं, पण थांबतो.

गेल्या वर्षी याच सुमाराला तुम्ही दोघं आला होतात. लिंडा शिमग्यापर्यंत राहून परत गेली आणि मे महिन्यात तिकडेच आपल्याला सोडून गेली. तिला तिकडच्याच मातीत ठेवावं लागलं. त्यानंतर तू एकदाच फोनवर नीट बोललास. म्हणालास, “लिंडाक हयसर एकटी सोडून मी खंय येव रे?” मला संस्कृतातल्या सगळ्या लकारांची रूपं तोंडपाठ आहेत, पण त्या एका प्रश्नाला मला उत्तर सुचलं नाही. तुला सांगायचं ते एवढंच, की संध्याकाळी मी तुझ्या नव्या मांडवात जाऊन बसतो. समोरून खाडीवरचा वारा येतो. कुणीतरी माझी टिंगल करावी, माझ्या पांडित्याची, माझ्या लुंगीची, कशाचीही, असं फार वाटतं. सुगंधा करते, पण बायकोने केलेली टिंगल ही कर्तव्यात मोडते. मित्राची सर तिला नाही.

आता खरं कारण. परवा फेबीचा फोन आला. तुला न सांगता केला होता, तिला रागावू नकोस. म्हणाली, पप्पा खोलीतला हीटर लावत नाहीत. ताटातलं अन्न तसंच राहतं. रोज कबरीवर जातात, पाऊस असला तरी तिथेच उभे राहतात, आणि मी ओरडले तर हसतात. ती रडत होती रे. कॉनरॅड, मी कोल्हापूरच्या पलीकडे कधी गेलो नाही, पण पासपोर्टसाठी अर्ज केला आहे. तू येऊ शकत नसशील तर मी येतो. आपण दोघं तिच्यापाशी जाऊन उभे राहू, मग तू काय ते ठरव. तू कायमचा इथे ये असं मी म्हणत नाही. घराची, खळ्याची मला काळजी नाही, ते मी आणि शिवा बघतो. मला भीती वाटते ती एवढ्याचीच, की तुला आता जगायचं नाही, आणि हे तू कुणालाच सांगत नाहीस.

उत्तराची वाट पाहणारा,
तुझाच,
लवू