रिकामी मनगटं

१२ जानेवारी

चि. धाकट्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. फोनवर बोलले तर अप्पांच्या कानावर जाईल, म्हणून शाळेतल्या मोकळ्या तासाला हे लिहिते आहे.

अप्पांनी दहावीच्या परीक्षेसाठी दुकानात घड्याळांचे नवे पट्टे आणि सेल मागवून ठेवलेत. घड्याळं आता घालतं कोण, असं तू मागे म्हणालास तेव्हा चार दिवस अबोला धरला होता त्यांनी. परीक्षेत मोबाईल चालत नाही, मग मुलं मनगटावर घड्याळ बांधणारच, हा त्यांचा हुकमी मुद्दा. वर्षभर दुकानात माशा मारतात, पण परीक्षेच्या पंधरा दिवसांत त्यांचा जीव अडकलेला असतो. पहिल्या पेपरला शाळेच्या फाटकाशी उभे राहून प्रत्येकाचं घड्याळ हॉलच्या वेळेशी लावून देतात, तीस वर्षं झाली. आता डोळे साथ देत नाहीत. यंदा मुलं आली तर दुकान चालवीन, नाही आली तर दुकानाची किल्ली तुझ्या हातात देईन, असं मला म्हणालेत.

आणि माझ्या कपाटात ऑक्टोबरपासून परिपत्रक पडून आहे: यंदा परीक्षेला कुठलंच घड्याळ घालून बसता येणार नाही, वेळ भिंतीवर बघायची. चुकून कुणी घालून आलंच तर दारात काढून घ्यायचं काम माझ्याकडे. रोज सांगायचं ठरवते आणि रोज मुकाट्याने त्यांचा डबा भरून देते. काय करू, तूच सांग.

प्रकृतीला जप, आणि ताईवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
ताई

२० जानेवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. पत्र पोचलं. तुझ्या ओळी अजूनही फळ्यावर लिहिल्यासारख्या वर चढत जातात.

अगं, सांगून टाक. दुखेल, पण घरातल्या घरात दुखेल. मीच सांगितलं असतं, पण कुठल्या तोंडाने? त्यांनी दिलेलं घड्याळ मी फक्त त्यांच्याशी व्हिडिओवर बोलताना घालतो. परवा त्यांनी किती वाजले विचारलं आणि मी सवयीने मोबाईल उचलला. ते म्हणाले, जेवून घे आता. इथे ऑफिसात चाळीस जणांत तिघांच्या हातात घड्याळ आहे, त्यातलीही दोन आहेत ती पावलं मोजायला.

रजा मिळत नाही. लांबून शहाणपण शिकवतोय, ठाऊक आहे मला.

लोभ वाढता ठेव, ओरडा बेताचा.

तुझा
धाकटा

४ मार्च

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. नाही रे सांगितलं. आधी म्हटलं, शाळेतल्या एखाद्या मुलाकडून कळेल. मग म्हटलं, पेपरच्या आदल्या दिवशी सांगू. आदल्या दिवशी ते स्वतःच्या सदऱ्याला इस्त्री करत बसले होते.

काल सकाळी मी हॉलच्या दारात पेटी घेऊन उभी होते आणि ते पाच पावलांवर, फाटकाशी. येईल त्या मुलापुढे हात करायचे. मुलांना वाटलं, हे तपासणीचे गृहस्थ. शहाण्यासारखी बाह्या वर करून मनगटं दाखवायची आणि म्हणायची, नाही आणलं आजोबा, बघा. एकामागून एक, शंभरेक मुलं. त्यांना नीट दिसत नाही, म्हणून ते प्रत्येक मनगट धरून चाचपत होते. मला जागचं हलता आलं नाही. माझी पेटीही रिकामीच राहिली.

घंटा झाल्यावर ते दाराशी आले. परिपत्रक तिथेच चिकटवलं होतं. डोळ्याजवळ चष्मा धरून पहिल्यापासून वाचलं, तारखेसकट. मग हळू आवाजात म्हणाले, "पाच महिने मी दुकान उघडत होतो आणि तू डबा देत होतीस. रोज कसा गं दिलास?"

आज ते घरीच आहेत. दुकानाची किल्ली त्यांनी माझ्या उशाशी ठेवलीय. माझ्याशी गोड बोलतात, चहा झाला का विचारतात, आणि तेच मला सोसत नाही. त्यांना काय सांगू, ते तुला सुचलं तर कळव. मला तरी सुचत नाही.

आहे तशी आपली म्हण.

तुझी
ताई