माझ्या नावाची किल्ली

२४ नोव्हेंबर
ऊसनोंदीची यादी, म्हणजे कुणाच्या उसाची लागण कधीची आणि त्यावरून तोड कुणाची आधी, आज पहिल्यांदा कुलुपातून गेली. साखर कारखान्याच्या आमच्या गट ऑफिसातल्या माझ्या कॉम्प्युटरवरनं थेट बारामतीच्या हेड ऑफिसच्या सर्व्हरवर. मधी कुणी वाचायचं नाही, बदलायचं नाही. आजवर पेन ड्राइव्ह एसटीनं जायचा, नाहीतर व्हॉट्सॲप. असं कुलूप द्या म्हणून दोन वर्षं मीच ओरडत होते. हेड ऑफिसचे साहेब फोनवर म्हणाले, "किल्लीची फाईल फक्त तुमच्याकडे. ती ज्याच्या हातात, तो सर्व्हरच्या लेखी तुम्हीच." तसं लिहूनही घेतलं. किल्ली दुसऱ्याला दिली तर कामावरून कमी. केली सही. पेढे वाटले. गट प्रमुख तात्यांनी दोन घेतले.

२९ नोव्हेंबर
मंगळवारी भिगवणला मावसबहिणीचं लग्न. तात्या म्हणाले, "तू न्हाय तर यादी कोण पाठवणार? किल्ली का काय ती दिऊन जा." नियम सांगितला. "मी काय परका हाय व्हय? तुझ्या बापाबरं तालमीत हुतो." सगळं ऑफिस बघायला लागलं. दिली. पेन ड्राइव्हवर किल्ली, पासवर्ड कॅलेंडरच्या मागं लिहून. वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर नाही म्हणता आलं नाही, एवढंच.

३ डिसेंबर
लग्न झालं. पाय सुजलेत. तात्यांनी पेन ड्राइव्ह परत दिला. "गेली का न्हाय यादी? उगं घाबरत हुतीस." वर चहा पाजला.

११ डिसेंबर
शेळगावचे बाजीराव आबा आले. उसाला तुरा आलाय, वजन घटायला लागलंय आणि तोडणीची टोळी शेजारच्या फडात. "माझी लागण जुलैची, त्येची ऑगस्टची. मग त्येचा ऊस आधी कसा?" नोंदवही काढली. आबांची १२ जुलै. सर्व्हरवर १२ ऑगस्ट! शेजाऱ्याची ऑगस्टची जुलै झालेली. शेजारी म्हणजे तात्यांचा साडू. दोन्ही तारखा दोन डिसेंबरच्या यादीत बदलल्यात.
आबा भांडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "तू हायस म्हणून मी कुणाला काय इचारलं न्हाय, पोरी."

१२ डिसेंबर
तात्यांना विचारलं. "नजरचूक आसंल. यादी पाठवणारी तू, मला काय इचारती?" तोंड वर करून! पंधरा दिवसांपूर्वी माझ्या बापाचं नाव घेत होता हा माणूस. मी बाहेर जाऊन नळाला तोंड धुतलं. रडले नाही.

१५ डिसेंबर
हेड ऑफिसचं पत्र. दोन तारखेला सकाळी ११.२० ला माझ्या नावानं यादी आली, तारखा कशा बदलल्या, चार दिवसांत खुलासा द्या. ११.२० ला मी मंडपात अक्षता वाटत होते. फोटो आहेत. पण फोटो दाखवला की पुढचा प्रश्न, मग किल्ली कुणाकडं होती?
म्हणजे एक तर न केलेलं कबूल करायचं, नाहीतर केलेलं. हे कुलूप मागून घेतलं कुणी? मीच.

१७ डिसेंबर
तात्या घरी आले. हातात पेरूची पिशवी. "टायपिंगची चूक म्हणून लिही. समज दिऊन सोडत्याल. खरं लिव्हलंस तर आधी तूच घरी बसशील, माझं काय वाकडं हुतंय?"
बरोबर बोलतोय मेला, त्याचाच संताप. पेरू शेजारणीला देऊन टाकले.

१८ डिसेंबर
दोन खुलासे टाईप केले. एकात चूक माझी. दुसऱ्यात किल्ली, पेन ड्राइव्ह, तात्या, सगळं. दोन्हींवर सही माझीच. उद्या अकरापर्यंत एक पाठवायचा, त्याच कुलुपातून. मोठा भाऊ म्हणतो आधी नोकरी वाचव. आई भाकरी थापते.
संध्याकाळी आबांचा फोन. "पोरी, लोकं तुझं नाव घेत्यात. तू नुस्तं न्हाय म्हण. मी ऐकतो."
नाही म्हटलं तर कुणी केलं ते सांगावं लागणार.
"आबा, उद्या सांगते."
"बरं," म्हणाले. फोन त्यांनी ठेवला नाही. मीच ठेवला.