पहिली खेळी कुणाची

आईस चिझुरूचा वाकून नमस्कार.

तिकडे आओमोरीत बर्फ सुरू झाला असेल. तो काढायला छपरावर तू चढू नकोस, शेजारच्या काकांना सांग. गुडघा कसा आहे?

मी मजेत आहे. माझा पत्त्यांचा खेळ छापून आला. खोलीभर खोकी झालीत, गादीपुरतीच जागा उरलीय; पण त्यामुळे ऊब राहते. रविवारी टोकियोत खेळांच्या बाजारात टेबल मांडलं. खेळाचे काही डबे खपले, उरलेलेही खपतील.

पहिली खेळी कुणाची, हे नियमात लिहावं लागतं. बाकीचे लिहितात, 'सगळ्यात लहान असेल त्याची.' मी लिहिलं, 'जो सगळ्यात अलीकडे आईच्या हातचं जेवला, त्याची.' लोक वाचून हसतात आणि लगेच भांडायला लागतात.

एक आजोबा खेळायला बसले. म्हणाले, "माझी आई जाऊन वीस वर्षं झाली, म्हणजे मी शेवटचा. तू गं पोरी?"

"तीन वर्षं झाली."

"अरेरे! तुझीही गेली?"

"नाही हो, आहे."

त्यांनी पत्ते खाली ठेवले. "मग इथे काय करतेयस?"

आई, मी नव्या वर्षाला येतेय. माझ्याच खेळात मी एकदाही पहिली खेळले नाहीये.

तुझ्या हातच्या जेवणाला आसुसलेली,
चिझुरू