मांडीतलं दुसरं काळीज

राजारामपुरी, मंगळवार

तीर्थस्वरूप अक्का,

जयजिनेंद्र. तुझे गुडघे, दाजींची शुगर आणि तुमची म्हैस, सगळं ठीक असेल असं धरून चालतो. मीही ठीक आहे (आता). फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र.

मागच्या सोमवारी माझी अँजिओग्राफी झाली, हे तुला ठाऊक आहेच. हृदय चांगलं निघालं. पण नळी जांघेतल्या धमनीतून घातली होती. चौथ्या दिवशी दुपारी जेवून पडलो होतो, तेव्हा त्या जागी सहज हात गेला तर लिंबाएवढी गाठ. गाठीचं एवढं काही नाही, पण ती उडत होती. छातीत एक ठोका पडला की खाली एक. दीपाला बोलावलं. तिनं हात ठेवला, लगेच काढला आणि पदराला पुसला (बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच). म्हणाली, "अहो, आत कोणतरी हाय."

दवाखान्यात डॉक्टर अनुजा म्हणून तुझ्या लेकीच्या वयाची पोरगी आहे. तिनं गाठीवर स्टेथोस्कोप ठेवून नळ्या माझ्याच कानात घातल्या. आत कुणीतरी दात आवळून श्वास घेत होतं, दर ठोक्याला एकदा. "काका, नळीचं भोक बुजलं नाही," ती म्हणाली. "रक्त बाहेर येऊन कप्पा करून बसलंय. फुटायच्या आत बंद करू." चहा घेणार का विचारावं, तशा आवाजात.

आधी सोनोग्राफीत बघत तिनं ती जागा वीस मिनिटं दाबून धरली. मी णमोकार मंत्र म्हणत होतो, ती घामानं निथळत होती. हात काढला की ते पुन्हा श्वास घ्यायला लागलं. मग सुई. पडद्यावर लाल आणि निळं रक्त एकमेकांमागं गोल फिरत होतं. सुई पांढऱ्या रेघेसारखी आत शिरली, रक्त गोठवायचं औषध सुटलं, आणि ते फिरता फिरता थांबलं. रंग गेले. माझ्याच अंगातलं काहीतरी माझ्या डोळ्यांदेखत मेलं, आणि अनुजा म्हणाली, "छान झालं."

आता गाठ गप्प आहे. तरी दुपारी मी तिच्यावर हात ठेवून वाट बघत पडतो (दीपा विचारते, सुतक पाळताय काय).

तुझा,
जयपाल

ता.क. बाहुबलीच्या डोंगरावर दर्शनाला चढताना पायऱ्यांवर तुझ्या छातीत कळ आली होती. कुणाला सांगू नको म्हणालीस, मी सांगितलं नाही. इथं पडल्यापासून मला तेवढंच दिसतंय. गुरुवारी हृदयाच्या डॉक्टरांकडं तुझा नंबर लावलाय. ये.

आणखी एक. दीपानं आत्ता पत्र वाचलं. म्हणते, "हे वाचून त्या येणार हायत व्हय?" तर वरचं सगळं विसर, असं क्वचितच कुणाला होतं. आणि नाही आलीस तर शुक्रवारी मी एसटीनं कुरुंदवाडला येतो. मला डॉक्टरांनी एसटीची सक्त मनाई केली आहे, एवढं ध्यानात घे.