रोज दोन मिनिटं

९ फेब्रुवारी, सोमवार

बसला एकदाचा टायमर! लेकाने तिकडून वायरमन पाठवला. रोज फोनवर माझी कटकट ऐकून त्याचे कान किटले असणार. फाटकाचा दिवा, पायरीचा दिवा, मागच्या अंगणातला दिवा – तिन्ही आता एकाच टायमरवर, दारामागच्या मीटरच्या पेटीत. संध्याकाळी साडेसहाला आपोआप लागणार, दहाला आपोआप विझणार.

ह्यांना झटका येऊन गेला त्याला आता पाच महिने. उजवं अंग गेलं, वाचा गेली. पण साडेसहा वाजले की डाव्या हाताने पलंगाच्या दांडीवर चमचा आपटायचा! दिवे लागेपर्यंत थांबायचं नाही. माझे हात कणकेत असोत, मी न्हाणीघरात असो – ठण् ठण् ठण्.

वायरमनने टायमरची तबकडी लावायला स्वतःच्या फोनमध्ये वेळ बघितली, तर लगेच चमचा वाजला. डाव्या हाताने उजवं मनगट पुढे केलं. म्हणजे, माझ्या घड्याळाने लाव! घड्याळ लुळ्या हातावर बांधतात, म्हणजे डाव्या हाताने चावी फिरवता येते. अर्धं अंग गेलं तरी रुबाब शाबूत आहे. वायरमन म्हणाला, "काका एकदम कडक आहेत हो, काकू!" कडक म्हणे. चौतीस वर्षं कारखान्याच्या फाटकावर टाइमकीपर. कोण किती मिनिटं उशिरा आला ते लिहायची नोकरी, आणि घरी आल्यावर तीच नोकरी फुकट.

जाताना त्याने बजावलं – "वीज गेली की ह्याची तबकडी थांबते बरं का, काकू. वीज आली की पुढे चालू, पण तेवढी मिनिटं मागे पडते. मग हाताने पुढे करून घ्यायची." बरं म्हटलं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

साडेसहा. दिवे लागले. चमचा नाही. ह्यांनी घड्याळ बघून टायमरला मान डोलावली. मला एकोणचाळीस वर्षांत एकदाही नाही!

१२ फेब्रुवारी, गुरुवार

लेकाशी पुन्हा बोलले. आजारी माणसांना कायमचं ठेवून घेतात असं एक सेंटर त्याच्या घरापासून तासाभरावर आहे. जागा आहे. मी म्हटलं, माझी कंबर गेली, ह्यांना कुशीवर वळवताना डोळ्यांपुढे अंधारी येते. तर म्हणतो, "आई, बाबांचं डोकं शाबूत आहे. सगळं समजतंय त्यांना. समजत असताना त्यांना तिथे टाकायला माझं मन नाही होत." शिवाय डॉक्टर सात मार्चला तपासणार आहेत. डोकं चालत नाही असं ते म्हणाले तरच बघू.

म्हणजे ह्यांचं डोकं चालतंय ही माझी शिक्षा! मी फोन ठेवला आणि ओट्याशी उभी राहून रडले. भाजी करपली ती तशीच वाढली.

लेकाला काय ठाऊक. तो तेव्हा दोन वर्षांचा होता. माझी आई दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होती. साडेआठला घरी परत यायचं, हा नियम. मला आठ चाळीस झाले. बाहेरचा दिवा विझवलेला, दाराला आतून कडी. मी हाका मारल्या. आतून आवाज आला, "दहा मिनिटं!" बस्स. पायरीवर बसून राहिले. सकाळी दूधवाल्याने बघितलं तेव्हा कुठे ह्यांना लाज वाटून दार उघडलं गेलं. आई त्याच दुपारी गेली. मला पुन्हा बाहेर पडू दिलं नव्हतं, मी पोचले नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

आज गंमत झाली. दुपारी हे झोपले होते तेव्हा आठ मिनिटं वीज गेली. मी तबकडी पुढे करायची विसरले. साडेसहा वाजले, दिवे नाहीत. ह्यांनी चमचा उचलला... आणि आपटला नाही. घड्याळ बघितलं. लुळा हात उचलून कानाला लावलं. पुन्हा बघितलं. मग दिवे लागले, आणि ह्यांनी नखाने चावी ओढून घड्याळ आठ मिनिटं मागे केलं!

मला हसू फुटलं. चांगलं मोठ्याने. ह्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. कितीतरी वेळ बघत होते.

टायमर आपल्याच घड्याळाने लावलाय, आपल्या डोळ्यांदेखत, मग तो चुकणार कसा? चुकतं ते घड्याळ. हा माणूस बायकोवर एक मिनिट विश्वास ठेवणार नाही, पण पेटीतल्या तबकडीवर डोळे मिटून ठेवेल.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

तबकडी पुढे केली नाही. राहू दे की आठ मिनिटं.

रात्रभर एकच विचार. डॉक्टर काय विचारतात? मागच्या वेळी हेच – आज वार कोणता, महिना कोणता, किती वाजले. बोटांनी, मान हलवून सगळं बरोबर सांगितलं होतं ह्यांनी. वेळ तर मिनिटासकट! डॉक्टर खूश झाले होते.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

सुरुवात केली. पेटीत टायमरचा वेगळा खटका आहे. तो पाडायचा, फोनमध्ये बघून दोन मिनिटं थांबायचं, वर करायचा. घरातलं बाकी सगळं चालू – पंखासुद्धा हलत नाही. फक्त तबकडी दोन मिनिटं मागे.

ह्यांच्या खोलीतल्या भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढला. "संपला वाटतं," म्हटलं. रेडिओ शेजारणीला दिला. तिला म्हटलं, ह्यांना आवाज सहन होत नाही. बिचारी डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "किती करता हो त्यांचं!"

संध्याकाळी घड्याळ दोन मिनिटं मागे. स्वतःच्या हाताने!

२० फेब्रुवारी, शुक्रवार

दोन मिनिटं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

वीस झाली. आता दिवे सहा पन्नासला लागतात. बाहेर अंधारून येतं, पायरी दिसेनाशी होते, आणि हे खिडकीकडे बघत पडलेले. खिडकी, घड्याळ, खिडकी, घड्याळ. मी मुद्दाम आत गेले. "आज लवकर अंधारलं नाही? ढग आलेत वाटतं," म्हटलं. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं.

मला वाटलं होतं, वाईट वाटेल. नाही वाटलं. मी पलंगापाशी उभी राहून ह्यांची चावी फिरवणारी बोटं बघत होते आणि मला भूक लागली. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

२८ फेब्रुवारी, शनिवार

ह्यांना अंघोळ घालताना घड्याळ काढून ठेवावं लागतं. तेवढीच भीती – कुणी बघेल का! पण बघणार कोण? ह्यांना भेटायला येतंच कोण? चौतीस वर्षांत ज्यांच्या नावापुढे उशीर लिहिला ते येणार आहेत होय चौकशीला?

अठ्ठावीस.

३ मार्च, मंगळवार

आज दिवे लागल्यावर ह्यांनी घड्याळ मागे केलं, माझ्याकडे बघितलं आणि हसले. तोंडाची डावी बाजू तेवढी वर गेली. कारण काही नाही! डोक्यावर परिणाम व्हायला लागला की माणसं अशी उगाच हसतात म्हणे. लेकाला लगेच फोन करून सांगितलं, "बाबा हल्ली आपल्याशीच हसतात रे." कधीपासून, असं त्याने दोनदा विचारलं. मग म्हणाला, "मी येतो, आई. डॉक्टरकडे मी पण येतो."

मला त्याचं वाईट वाटलं. ह्यांचं नाही.

६ मार्च, शुक्रवार

चाळीस. उद्या.

खटका वर केला तरी तीनदा परत जाऊन बघून आले. घाबरून नव्हे. पोरीबाळींना परीक्षेच्या आदल्या दिवशी होतं तसं.

७ मार्च, शनिवार

डॉक्टरांच्या खोलीत ह्यांच्या समोरच भिंतीवर हे एवढं मोठं घड्याळ! मी तर गारच पडले. ह्याचा विचारच केला नव्हता. अकरा वीस झाले होते, परातीएवढे आकडे.

डॉक्टरांनी आधी विचारलं, महिना कितवा, बोटं दाखवा. ह्यांनी हात उचललाच नाही. वार? नाही. मुलाकडे बोट दाखवून, हा कोण? ह्यांनी डोळे मिटून घेतले. लेकाचा चेहरा बघवेना. मी चकितच झाले – हे तर मी काही केलं नव्हतं! मग डॉक्टर म्हणाले, "बरं काका, किती वाजले ते दाखवता?" चित्रातली घड्याळं पुढे केली. ह्यांनी मनगट बघितलं आणि दहा चाळीसच्या चित्रावर बोट ठेवलं.

डॉक्टर हळूच म्हणाले, "भिंतीवर बघा बरं."

ह्यांनी भिंतीवर बघितलं. नीट बघितलं. मग मान वळवून माझ्याकडे बघितलं. आणि बोट पुन्हा दहा चाळीसवर ठेवलं. दाबून.

डॉक्टरांनी लिहिलं – वेळेचं, काळाचं भान नाही. लेक बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "अरे, वय झालं त्यांचं," म्हटलं. माझा आवाज अगदी खरा आला.

११ मार्च, बुधवार

चार शर्ट, तीन पायजमे, टॉवेल, गोळ्यांचा डबा. बॅग भरताना हे पलंगावरून बघत होते. चमचा घेणार का विचारलं. मान हलवून नाही म्हणाले.

१२ मार्च, गुरुवार

गेले. लेकाने आणि गाडीवाल्याने उचलून बसवलं. ह्यांनी डाव्या हाताने माझा पदर धरला होता तो सोडवावा लागला. गाडी सहा वीसला सुटली. मी आत येऊन तबकडी चाळीस मिनिटं पुढे केली आणि पायरीवर जाऊन बसले. साडेसहाला तिन्ही दिवे लागले.

कुणी विचारणारं नाही. मी दहा वाजेपर्यंत पायरीवर बसले, छाती भरेपर्यंत श्वास घेतला.

१३ मार्च, शुक्रवार

नऊ वाजेपर्यंत झोपले!

२० मार्च, शुक्रवार

पलंग काढून टाकला. खोली धुतली. लेक म्हणतो, भेटायला कधी येतेस? कंबर बरी झाली की येईन म्हटलं. कंबर आठवड्यापूर्वीच बरी झाली आहे.

कशाचाच पश्चात्ताप नाही. आपल्यापाशी खोटं कशाला लिहायचं?

२ एप्रिल, गुरुवार

सेंटरच्या नर्सबाईंचा फोन. आवाजात नुसता आनंद. "काकू, काका डाव्या हाताने पाटीवर लिहायला लागले! आणि डोकं किती तल्लख हो त्यांचं! कधीही विचारा, वेळ मिनिटासकट बरोबर. घड्याळ चाळीस मिनिटं मागे आहे, तरी मनात मिळवून सांगतात. मी पुढे करायला गेले तर हातच धरला. पाटीवर लिहिलं – रोज दोन मिनिटं तिनेच मागे करवलंय. घरची वेळ आहे. राहू दे."